इशाऱ्याचा आकडा

तामिळनाडू शासनाने सप्टेंबर २०११ मध्ये शासकीय व अनुदानित शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांस विनामूल्य लॅपटॉप देण्याची योजना सुरू केली. खरेदीचे काम राज्याच्या ‘एल्कॉट’ या इलेक्ट्रॉनिक्स महामंडळाकडे होते. या योजनेतील पुष्कळ लॅपटॉपांवर विंडोजच्या जोडीला ‘बॉस’ ही दुसरी कार्यप्रणालीही घालून दिलेली होती. बॉस म्हणजे ‘भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स’. सी-डॅक या राष्ट्रीय संस्थेच्या चेन्नई केंद्रात ती तयार झाली. तिची पहिली आवृत्ती २००७ साली प्रसिद्ध झाली. ती लिनक्सच्या कुळातली असून डेबियन या प्रसिद्ध संचावर आधारलेली आहे. लिनक्स ही कोणाच्याही खाजगी मालकीची नसलेली प्रणाली. तिचा आतील मजकूर वाचण्याची, तो तपासण्याची व त्यात बदल करण्याची मुभा सर्वांस आहे. एवढी मोठी मुभा विद्यार्थ्यांच्या हाती कागदोपत्री पोहोचली, ही गोष्ट लहान नव्हे. प्रत्यक्षात ती कितपत पोहोचली, हे पाहण्यास एक अगदी क्षुल्लक वाटणारा विषय पुरेसा आहे: बॅटरी संपत आल्याचा इशारा.

चेन्नईत हा विषय क्षुल्लक नाही. योजना सुरू झाली त्याच्या पुढच्याच वर्षी, २०१२ साली, तामिळनाडूत विजेची तीव्र टंचाई होती. राजधानीत रोज ठराविक वेळ वीज बंद राही, आणि इतर जिल्ह्यांत त्याहून कितीतरी अधिक. डिसेंबर २०१५ च्या महापुरात शहराचे मोठे भाग अंधारात होते. १२ डिसेंबर २०१६ रोजी ‘वरदा’ चक्रीवादळ चेन्नईजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा झाडांबरोबर विजेचे खांबही आडवे झाले आणि काही वस्त्यांत वीज परत येण्यास अनेक दिवस लागले. डिसेंबर २०२३ मध्ये ‘मिचाँग’ वादळाच्या पावसाने तीच स्थिती पुन्हा आणली. अशा शहरात लॅपटॉपची बॅटरी ही प्रवासातली सोय नसते. प्रकल्पाचा अहवाल, प्रवेशाचा अर्ज, रात्रभर बसून केलेली आकडेमोड ही सारी त्या चपट्या डबीच्या भरवशावर असतात. डबी रिकामी होणार हे तर ठरलेलेच. प्रश्न एवढाच, की ती रिकामी होण्यापूर्वी यंत्र तसे सांगते काय, आणि सांगितल्यावर काम जतन करण्यास वेळ उरतो काय.

याबाबत सर्वत्र आढळणारी समजूत अशी, की इशारा हा यंत्राचा स्वभावधर्म आहे. तो आला तर बरे. न आला तर ‘बॅटरी खराब झाली’ किंवा ‘लिनक्स बिघडले’ असा निकाल द्यावयाचा व नवी बॅटरी, नव्हे नवा लॅपटॉप, मागावयाचा. ही समजूत चुकीची आहे. इशारा हा कोणीतरी घेतलेला निर्णय असतो. तो आकड्यांनी व्यक्त केलेला असतो. आणि ते आकडे घेणाऱ्याने ज्या बॅटरीचा विचार केला ती नवी होती, चेन्नईच्या उन्हाळ्यात चार वर्षे काढलेली नव्हती. म्हणून ज्याच्या कामाचे नुकसान व्हावयाचे त्याला तो आकडा तपासता आणि बदलता आला पाहिजे. लिनक्सने हे शक्य केले आहे; परंतु शक्य केलेली गोष्ट शाळांनी शिकविली नाही, आणि प्रणाली रचणाऱ्यांपैकी काहींनी ती विनाकारण आड ठेवली.

प्रथम आकडा कोठून येतो ते पाहू जाता एक मनोरंजक योगायोग आढळतो. लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली ती १९९१ साली, सोनी कंपनीकडून. आणि लिनस टॉरवाल्ड्‌स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने आपल्या नव्या प्रणालीची वार्ता जगास दिली तीही १९९१ च्या ऑगस्टमध्ये. दोहोंचा त्या वेळी परस्परांशी काहीही संबंध नव्हता. पुढे या बॅटरीच्या संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

लिथियमच्या घटाचा एक गुण असा आहे, की तो उपयोगाच्या दृष्टीने उत्तम आणि मापनाच्या दृष्टीने अडचणीचा. पूर्ण भरलेल्या घटाचा विद्युतदाब साधारण ४·२ व्होल्ट असतो, आणि ३ व्होल्टांच्या आसपास तो रिकामा समजला जातो. परंतु या दोन टोकांमधला उतार सारखा नसतो. बराच काळ दाब ३·६ ते ३·८ व्होल्टांच्या दरम्यान जवळजवळ सपाट मैदानावरून चालल्यासारखा राहतो व शेवटी एकाएकी कड्यावरून कोसळतो. त्यामुळे दाब मोजून ‘किती उरले’ हे मैदानात नेमके सांगता येत नाही, आणि कड्यापाशी सांगता येते तेव्हा सांगून फारसा उपयोग नसतो.

यावर तोडगा म्हणून बॅटरीच्या डबीतच एक लहानशी मापक चिप बसविलेली असते. ती आत येणारी व बाहेर जाणारी वीज सतत मोजते. दुकानदाराने गल्ल्यात पडलेल्या व गल्ल्यातून दिलेल्या पैशांची टाचणे ठेवावी तसे हे काम चालते. पण अशा हिशेबास आरंभीची शिल्लक बिनचूक ठाऊक असावी लागते. बॅटरी पूर्ण भरली तर किती ऊर्जा मावते, हा आकडा चिपने आठवणीत ठेवलेला असतो, आणि पडद्यावर दिसणारा टक्का हा त्या आठवणीशी काढलेला भागाकार असतो. बॅटरी म्हातारी होते तशी तिची खरी क्षमता घटते; उष्णता हे त्याचे एक मोठे कारण आहे, आणि सतत काठोकाठ भरून ठेवणे हे दुसरे. मे महिन्यातील चेन्नई आणि अहोरात्र चार्जरला जोडलेला लॅपटॉप, असा दुहेरी योग जुळला म्हणजे झीज त्वरेने होते. (विद्युत्-रसायनाचा अभ्यास करणारी केंद्रीय संशोधन संस्था १९५३ पासून त्याच राज्यात, कारैकुडी येथे आहे, या झिजेचे ज्ञान दुरून आणावे लागत नाही.) चिपची आठवण सुधारते केव्हा? बॅटरी खरोखर पूर्ण भरते आणि मग खरोखर तळाला जाते, तेव्हा. जो लॅपटॉप नेहमी भिंतीतल्या प्लगला जोडलेला असतो, त्याच्या चिपला तळ कधी दिसतच नाही. तिची आठवण शिळी राहते.

शिळ्या आठवणीचा परिणाम काय होतो, हे एका साध्या उदाहरणाने कळेल. समजा, नवी बॅटरी ४८ वॉट-तासांची आहे आणि लॅपटॉप सरासरी १२ वॉट खर्च करतो. म्हणजे चार तास. पाच टक्के उरले असता २·४ वॉट-तास, अर्थात १२ मिनिटे हाताशी राहतात. चालू वाक्य पुरे करून फाईल जतन करण्यास ती पुष्कळ झाली. आता काही वर्षांनी बॅटरीत केवळ १९·२ वॉट-तास मावू लागले, आणि चिपला ते बरोबर ठाऊक आहे, असे धरू. पाच टक्के म्हणजे आता ०·९६ वॉट-तास, म्हणजे पाच मिनिटांहूनही कमी. आणि दोन टक्के म्हणजे दोन मिनिटेही नव्हेत. टक्का तोच, पण त्याच्या पोटातली मिनिटे निम्म्याहूनही कमी झाली. एवढ्यावरही निभावते. परंतु चिपची आठवण शिळी असून बॅटरीत २८·८ वॉट-तास मावतात अशी तिची कल्पना असेल तर? तर खरे १९·२ वॉट-तास संपून गेले तरी चिपच्या वहीत ९·६ शिल्लक असतील, आणि पडद्यावर ३३ टक्के दिसत असतील. नेमक्या त्याच क्षणी दाब कड्यावरून कोसळतो, डबीतील संरक्षक मंडल वीज तोडते, आणि पडदा काळा होतो. वीस टक्क्यांचा इशारा, पाच टक्क्यांचा इशारा, दोन टक्क्यांची अखेरची कृती यांपैकी काहीही घडत नाही. इशारा चुकला नाही. त्याची पाळीच आली नाही.

‘इशारा येत नाही’ या तक्रारीचा शोध म्हणून येथूनच सुरू करावयास हवा. अनुभवी माणसेही पुष्कळदा उलट टोकापासून आरंभ करतात: सूचनांची मांडणी उलटसुलट करतात, कार्यक्रम काढून पुन्हा घालतात, शेवटी संपूर्ण प्रणालीच नव्याने बसवितात. पहिला प्रश्न मात्र बॅटरीला विचारावयाचा असतो, आणि लिनक्समध्ये तो विचारणे कठीण नाही. लिनक्सचा गाभा बॅटरीविषयी जे जे जाणतो ते ‘सिस’ या फोल्डराखालील ‘पॉवर-सप्लाय’ या विभागात साध्या मजकुराच्या छोट्या फाईलींत मांडून ठेवतो. त्यांत ‘एनर्जी-फुल-डिझाइन’ म्हणजे कारखान्याने ठरविलेली क्षमता, ‘एनर्जी-फुल’ म्हणजे चिपच्या मते आजची क्षमता, आणि ‘एनर्जी-नाऊ’ म्हणजे या घडीची शिल्लक. काही यंत्रांत ‘एनर्जी’ऐवजी ‘चार्ज’ असा शब्द असतो आणि वॉट-तासांऐवजी अँपिअर-तासांचे माप, भागाकार तोच. दुसऱ्या आकड्यास पहिल्याने भागले की बॅटरीचे वय कळते. ते चाळीसांश टक्क्यांवर आले असेल तर दोष प्रणालीत शोधण्यात अर्थ नाही. आणि भागाकार उत्तम दिसत असूनही यंत्र तिसाव्या टक्क्याला मरत असेल, तर तो आकडा शिळ्या आठवणीचा आहे हे उघड होते.

येथे शब्दांच्या एका घोटाळ्याकडे लक्ष वेधणे जरूर आहे, कारण तो भल्याभल्यांस चकवितो. गाभ्याच्या फाईलींत ‘कपॅसिटी’ नावाची एक फाईल आहे. तिच्यात आत्ताचा शिल्लक टक्का असतो. ‘यूपॉवर’ नावाची जी सेवा हे आकडे वाचून पुढे देते, तिच्या अहवालातही ‘कपॅसिटी’ हाच शब्द येतो. पण तेथे त्याचा अर्थ कारखान्याच्या क्षमतेच्या मानाने आज उरलेली क्षमता, म्हणजे प्रकृती. शिल्लक टक्क्याला ती ‘पर्सेंटेज’ म्हणते. एकाच यंत्रात, एकाच बॅटरीविषयी, एका शब्दाचे दोन अर्थ! ‘कपॅसिटी ८३’ असे एका ठिकाणी वाचून विद्यार्थी निर्धास्त झाला, तर त्याला दोष देता येणार नाही.

आकडा कळला, आता निर्णय कोण घेतो ते पाहावयाचे. बहुतेक लिनक्स संचांत, आणि डेबियनवर आधारलेल्या बॉसमध्येही, हे काम वर उल्लेखिलेल्या यूपॉवर सेवेकडे असते. ‘ईटीसी’ या फोल्डरात तिची एक मांडणीची फाईल असते, आणि तीत तीन मर्यादा लिहिलेल्या असतात: कोणत्या टक्क्याला बॅटरी ‘कमी’ समजावी, कोणत्या टक्क्याला ‘निकराची’, आणि कोणत्या टक्क्याला यंत्राने स्वतः होऊन कृती करावी. जुन्या आवृत्त्यांत हे आकडे १०, ३ व २ असे होते; पुढे ते २०, ५ व २ करण्यात आले. हा बदल विचार करण्याजोगा आहे. दहा हा आकडा निसर्गनियम असता तर तो वीस होऊ शकला नसता. रचनाकारांनी आपले मत बदलले आणि जगभरच्या लॅपटॉपांचा इशारा काही मिनिटे आधी येऊ लागला. एका बॅटरीचे वय ठाऊक असलेल्या माणसाने आपल्यापुरते तेच मत बदलले तर त्यात अधिकार ओलांडल्यासारखे काही नाही.

टक्क्यांऐवजी उरलेल्या वेळेवरून इशारा द्यावा, अशीही सोय त्याच फाईलीत आहे: वीस मिनिटे, पाच मिनिटे, दोन मिनिटे. वर केलेल्या हिशेबावरून वाटेल, की म्हाताऱ्या बॅटरीस हीच पद्धत न्याय्य. तथापि मूळ मांडणी टक्क्यांचीच ठेवलेली आहे, आणि त्याचे एक कारण फाईलीतच रचनाकारांनी दिले आहे, ते मोठे मार्मिक आहे: घाबरून सर्व फाईली धडाधड जतन करू लागलेला माणूस स्वस्थ बसलेल्या माणसापेक्षा अधिक वीज खर्च करतो, व त्यामुळे उरलेल्या वेळेचा अंदाज त्याच क्षणी खोटा ठरतो. शिवाय वेळेचा अंदाज त्याच चिपच्या शिल्लकीवरून काढलेला असल्याने शिळी आठवण त्यालाही नडतेच. तेव्हा टक्क्यांची पद्धत ठेवून टक्केच वर सरकविणे हा व्यवहार्य मार्ग होय. ज्या लॅपटॉपचा पडदा तिसाव्या टक्क्याच्या आसपास काळा होतो, त्याच्या तीन मर्यादा उदाहरणार्थ ४५, ४० व ३६ अशा ठेवाव्या. हा औषधोपचार नव्हे, कुबडी आहे. पण परीक्षेच्या आठवड्यात कुबडीही उपयोगी पडते.

हे आकडे लिहिताना एक नियम पाळावा लागतो: ते मोठ्याकडून लहानाकडे उतरत गेले पाहिजेत. तिघांपैकी एखादा चुकीचा असेल, किंवा क्रम उलटला असेल, तर यूपॉवर तिन्ही आकडे बाजूस ठेवून आपले मूळचे आकडे वापरते. इथपर्यंत रचना सुज्ञ आहे; अडाण्याच्या हातून यंत्राचे नुकसान होऊ नये ही काळजी तीत दिसते. परंतु आपण असे केले हे ती पडद्यावर कोठेही सांगत नाही. विद्यार्थी फाईल उघडतो, आकडा बदलतो, जतन करतो, पुन्हा उघडून पाहतो तो त्याचा आकडा तेथे जसाच्या तसा. आणि सेवा मात्र भलत्याच आकड्याने चाललेली. नकार देणे हा यंत्राचा हक्क असेल. मुकाट्याने नकार देणे हा दोषच म्हटला पाहिजे. त्याच जातीची दुसरी गोष्ट अशी, की फाईल बदलल्यावर सेवा पुन्हा सुरू करावी लागते, अथवा यंत्र बंद करून चालू करावे लागते. नाहीतर जुनेच आकडे चालू राहतात. ‘बदल केला पण गुण आला नाही’ अशा कित्येक तक्रारींचे मूळ या दोन गोष्टींत सापडेल.

तिसरी मर्यादा, म्हणजे यंत्राने स्वतः होऊन करावयाची कृती, ही सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित. माणूस खोलीत नसेल तेव्हा तीच एक तारणारी. येथे पर्याय असे: यंत्र सरळ बंद करणे; चालू कामाचे संपूर्ण चित्र डिस्कवर उतरवून मग बंद होणे, ज्यास हायबरनेशन म्हणतात; किंवा दोहोंचा संकर, ज्यात चित्र डिस्कवरही उतरते आणि यंत्र काही काळ झोपलेल्या स्थितीतही राहते. यूपॉवरची मूळ निवड संकराची असते. पण चित्र डिस्कवर उतरविण्यास डिस्कवर तशी राखीव जागा हवी, जिला ‘स्वॅप’ म्हणतात. आणि ती चालू स्मृतीतला मजकूर मावेल एवढी हवी. कित्येक यंत्रांवर प्रणाली बसविताना ही जागा लहान ठेवलेली असते, काहींवर मुळीच नसते. शिवाय ‘सिक्युअर बूट’ नावाची सुरक्षाव्यवस्था चालू असेल तर पुष्कळ संचांत हायबरनेशन अडविलेले असते. अशा वेळी सेवा शेवटच्या पर्यायाकडे वळते, आणि तो पर्याय म्हणजे यंत्र बंद करणे. बंद होणे नीट पार पडते, डिस्कला इजा होत नाही. जतन न केलेला मजकूर मात्र गेला. विद्यार्थ्यास वाटते, इशाऱ्याने दगा दिला. वास्तविक इशाऱ्याच्या पलीकडे, डिस्कची वाटणी करताना, कोणीतरी दोन-चार गिगाबाइटांची काटकसर केलेली असते. शाळांस लॅपटॉप पुरविताना या जागेची अट निविदेत लिहिणे हे काही अवघड काम नाही, आणि त्यास खर्च जवळजवळ शून्य.

इशारा दाखविण्याचे काम आणखी तिसऱ्याच घटकाकडे असते, तो म्हणजे पडद्यावरील कार्यमंच. केडीई या मंचाने ‘कमी’ व ‘निकराची’ या पातळ्या आणि शेवटची कृती या गोष्टी आपल्या मांडणीच्या खिडकीत उघड ठेवल्या आहेत. एक्सएफसीई हा हलका मंचही निकराची पातळी विचारतो. ग्नोम हा अतिशय प्रचलित मंच मात्र हे आकडे खिडकीत कोठेच दाखवीत नाही. त्यासाठी वर सांगितलेली फाईल उघडावी, आणि तीत बदल करण्यास यंत्राच्या व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द हवा. ज्या मंचांत सूचना तात्पुरत्या गप्प करण्याची सोय आहे तेथे ती चालू राहिल्याने काय काय दडले जाते, हेही एकदा पाहून ठेवलेले बरे. अगदी साधे खिडकी-व्यवस्थापक वापरणाऱ्या हौशी माणसाकडे तर इशारा दाखविणारा कार्यक्रमच चालू नसतो. सेवा ओरडते, ऐकणारा कोणी नाही.

ग्नोमच्या बाजूने जो युक्तिवाद होतो तो उडवून लावण्यासारखा नाही. पडद्यावर जितकी बटणे अधिक तितका नवशिक्या गोंधळतो. नव्वदांत एखाद्यालाच जो आकडा बदलावयाचा त्याच्यासाठी उरलेल्यांवर खिडकीचा भार कशास. आणि शून्य टक्के असा आकडा कोणी लिहिला तर त्याची जबाबदारी कोणाची? हे सारे खरे धरले तरी त्याने ‘मर्यादा बदलण्यास बंधन घालावे’ एवढेच सिद्ध होते. ‘मर्यादा दिसूच नये’ हे सिद्ध होत नाही. मोटारीच्या पेट्रोलचा काटा चालकास फिरविता येत नाही, पण तांबडा पट्टा कोठे सुरू होतो हे त्यास दिसत असते. ‘वीस टक्क्यांवर सूचना देण्यात येईल’ हे एक वाक्य खिडकीत लिहिल्याने कोणाचाही गोंधळ झाला नसता. नव्या बॅटरीच्या मालकास त्याची गरज नाही हेही खरेच. परंतु सार्वजनिक योजनेत मिळालेला लॅपटॉप धाकट्या भावंडाकडे, तेथून शेजारच्या मुलाकडे जातो, आणि सर्वांत जुनी बॅटरी नेहमी त्याच्याच वाट्याला येते ज्याला नवी घेणे परवडत नाही. रचनाकारासमोर हा माणूस नव्हता. शाळेसमोर तो असतो.

भाषेचाही प्रश्न येथे येतोच. मराठी, तमिळ व इतर भारतीय भाषांत पडदा दाखविणे हे बॉसच्या उद्दिष्टांपैकी एक ठळक उद्दिष्ट होते, आणि ते बऱ्याच अंशी साधले आहे. ‘बॅटरी कमी आहे’ ही सूचना आपल्या भाषेत वाचता येते. पण ती का आली, केव्हा येते, बदलावयाची कशी, हे सांगणारा फाईलीतला मजकूर इंग्रजीतच राहिला. दारावरची पाटी मराठीत आणि आतली दप्तरे इंग्रजीत, असा हा कारभार आहे. त्या फाईलीतील टीपांचे मराठी व तमिळ भाषांतर करणे हे एखाद्या महाविद्यालयातील संगणक-मंडळाचे दोन संध्याकाळचे काम ठरेल.

आठवण ताजी करण्याची कृती कोणत्याही शाळेत करता येते. लॅपटॉप पूर्ण भरावा व भरल्यावरही थोडा वेळ जोडलेला ठेवावा. मग सर्व कामे जतन करून, आपोआप झोपण्याची मांडणी तेवढ्यापुरती बंद करून, यंत्र बॅटरीवर चालत राहू द्यावे, ते स्वतः बंद होईपर्यंत. आणि मग मध्ये न थांबता पुन्हा पूर्ण भरावे. तिसरी मर्यादा फार वर ठेवलेली असल्यास ती त्या दिवसापुरती खाली आणावी, नाहीतर यंत्र तळाच्या पुष्कळ आधी थांबेल आणि कृती व्यर्थ जाईल. हे वर्षातून एक-दोनदा पुरे. दर आठवड्यास केले तर झीजच वाढेल, कारण तळापर्यंत जाणे लिथियमच्या घटास मानवत नाही. याउलट रोजच्या वापरात, यंत्राची सोय असल्यास, भरण्याची वरची सीमा ऐंशी टक्क्यांवर ठेवणे हिताचे. कित्येक लॅपटॉपांत लिनक्सचा गाभा ही सीमा स्वीकारतो. मात्र भारनियमनाच्या किंवा वादळाच्या दिवसांत ती सीमा काढून टाकावी, हे सांगावयास नकोच.

या कृतीनंतर ‘एनर्जी-फुल’चा आकडा एकदम खाली येतो. विद्यार्थ्यांस प्रथम वाटते की बॅटरी आणखी बिघडली. वास्तविक ती होती तेथेच आहे. चिपने आपली वही दुरुस्त केली. हा क्षण विज्ञानाच्या तासाला दाखविण्यासारखा आहे. मापनयंत्राचा आकडा आणि मोजलेली वस्तू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही कल्पना मुलांच्या मनात रुजविण्यास पाठ्यपुस्तके पानेच्या पाने खर्च करतात. येथे ती वर्गात, मुलांच्याच मांडीवर, डोळ्यांदेखत घडते. भौतिकशास्त्राच्या प्रयोगवहीत लिथियमच्या उताराचा आलेख काढण्यासही याहून स्वस्त साधन मिळणार नाही: दर पाच मिनिटांनी दाबाचा व शिल्लकीचा आकडा गाभ्याच्या फाईलीतून उतरवून घ्यावयाचा, एवढेच. मैदान कोठे संपते आणि कडा कोठे सुरू होतो हे आलेखावर दिसले, की आपल्या लॅपटॉपची पहिली मर्यादा कोठे असावी हे मुले स्वतःच सांगतील, आणि प्रत्येक यंत्राचे उत्तर वेगळे येईल.

मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तामिळनाडू शासनाने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस दोन वर्षांत वीस लाख लॅपटॉप अथवा टॅबलेट देण्याची घोषणा केली. अशा योजनांचे हिशेब वाटपाच्या दिवशी संपतात. बॅटरीचा हिशेब त्या दिवशी सुरू होतो. लॅपटॉप मिळालेल्या संस्थेने, आणि सार्वजनिक यंत्रे ठेवणाऱ्या प्रत्येक ग्रंथालयाने, एक साधी नोंदवही ठेवावी. तीत प्रत्येक यंत्रासमोर चार रकाने असावेत: कारखान्याची क्षमता, आजची क्षमता, यंत्र प्रत्यक्ष कोणत्या टक्क्याला बंद पडले, आणि त्यावरून ठेवलेल्या तीन मर्यादा. नोंद जून व डिसेंबरात घ्यावी. डिसेंबरची नोंद चेन्नईत वादळी पावसाच्या दिवसांतच पडेल, तेव्हा ती नोव्हेंबरच्या आरंभी उरकलेली बरी.